तळ्यावरची हिरवी साय आणि सुट्टीला आलेली पोरं

निपाणी तालुक्यातल्या एका गावाहून एका ताईंनी लिहिलंय. मे लागल्यापासून गावतळ्याचं पाणी हिरवंगार झालंय. पूर्वेच्या काठाला, मारुतीच्या देवळाकडच्या पायऱ्यांपाशी सकाळी पोपटी रंगाची साय धरलेली असते, ऑइलपेंटचा डबा लवंडल्यासारखी. पुण्याहून सुट्टीला आलेली नणंदेची दोन मुलं, एक 9 वर्षांचा आणि एक 13 वर्षांचा, रोज तिथं पोहायला जात होती. परवा रात्री धाकट्याला दोनदा उलटी झाली, पोटात कळा आल्या आणि कमरेला चड्डीच्या इलॅस्टिकखाली लाल पुरळ उठलं. थोरल्याचे डोळे लाल झालेत. घरात मतं वेगवेगळी आहेत. दीर म्हणतात, "आम्ही याच तळ्यात पोहायला शिकलो, काय होत नाही." सासरे मोरचूद टाकू म्हणतात. शेजारच्या काकू म्हणतात, पाणी उकळून घेतलं की झालं. म्हैस त्याच तळ्यावर पाणी पिते आणि पिण्याची विहीर काठाला लागूनच आहे. पंचायतीत सांगितलं तर "शेवाळ काय, दरवर्षीच येतंय" म्हणाले. पोरांना जाऊ द्यायचं की नाही, असं ताईंनी विचारलंय.

ताई, नाही. पायऱ्यांवर पाय सोडून बसायलासुद्धा नको. पण त्याआधी धाकट्याचं बघू.

त्याची उलटी थांबली असेल, तो जेवत असेल, लघवी नेहमीसारखी होत असेल, तरी आज त्याला पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून आणा. डॉक्टरांना आपणहून सांगा, "हिरवी साय आलेल्या तळ्यात पोहलाय आणि पाणी पोटात गेलंय." हे सांगितलं नाही, तर बाहेरचं खाल्लं असेल असं समजून गोळ्या मिळतील आणि विषय तिथंच संपेल. लिव्हरची रक्ततपासणी (एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन) करायची का, हेही विचारा. या पाण्यातलं सर्वांत नेहमी सापडणारं विष लिव्हरवर जातं आणि त्रास कधी काही तासांत, तर कधी दोन-तीन दिवसांनी दिसतो. त्यावर उतारा असं औषध नाही. शरीराला आधार देणं, पाणी कमी पडू न देणं आणि लक्ष ठेवणं हाच उपचार. ओआरएस द्या, पण पाकिटावर किती पाण्यात कालवायचं ते वाचून. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, लहान 200 मिलीचं. दोन्ही एकाच तांब्यात ओतली तर मीठ जास्त होतं. ताप किंवा अंग दुखलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल देत राहू नका, ती लिव्हरमधूनच जाते. किती द्यायची ते डॉक्टरच ठरवतील. काविळीच्या मुळ्या आणि पाले तर या दिवसांत अजिबात नकोत.

डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली, पोर अंग टाकून पडून राहिलं, ओठांना-बोटांना मुंग्या आल्या, धाप लागली किंवा झटका आला, तर पीएचसीचीही वाट बघू नका. 108 ला फोन करून थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

थोरल्याचे डोळे स्वच्छ पाण्यानं दहा-पंधरा मिनिटं धुवा, चोळू देऊ नका. दोघांनाही साबण लावून बोअरच्या पाण्यानं अंघोळ घाला आणि पोहायच्या चड्ड्या वेगळ्या धुवा.

कमरेच्या त्या पुरळाची खूण तुम्ही नेमकी लिहिलीत. म्हशी धुतात त्या पाण्यात किंवा भाताच्या चिखलात उभं राहिलं की उठणारी खाज पाणवनस्पतींतल्या गोगलगायींमधून आलेल्या बारीक किड्यांची असते. ती पायावर, मांडीवर, म्हणजे उघड्या कातडीवर उठते. तळ्यातल्या सायीचे कण मात्र ओल्या कपड्याखाली अडकतात, इलॅस्टिकशी चिरडतात आणि तिथंच कातडी लाल होते. यावरून सगळं सिद्ध होत नाही, पण उलटी, लाल डोळे आणि पायऱ्यांवरची साय त्याच्या जोडीला ठेवली की संशय कुठं जातो ते तुम्हीच बघताय.

या सायीला आपण शेवाळ म्हणतो, पण ती शेवाळाची जातच नव्हे. ते उन्हावर जगणारे जीवाणू आहेत, शास्त्रात त्यांना सायनोबॅक्टेरिया म्हणतात. दगडावरचं निसरडं शेवाळ आणि काठीला केसांसारखं गुंडाळणारं हिरवं शेवाळ बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. या जीवाणूंच्या पेशीत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. रात्री, वारा पडलेला असताना, त्या पेशीला वर उचलतात आणि पहाटेपर्यंत सगळी फौज पाण्याच्या पृष्ठभागावर येते. मग दिवसा वारा तिला एका काठाला लोटतो. आपल्याकडे मे महिन्यात वारा पश्चिमेकडून सुटतो. तुमच्या पायऱ्या मारुतीच्या देवळाकडे, म्हणजे तुम्ही लिहिल्याप्रमाणे पूर्वेला. पोरं नेमकी त्याच काठाला उतरतात. तळ्याच्या मधोमध पाणी जेमतेम हिरवट दिसत असताना या एका काठाला विष शेकडो ते हजारपट दाट होऊ शकतं. एखादा माणूस समोरच्या काठावर उभा राहून "पाणी ठीक दिसतंय" म्हणतो, तोही खोटं बोलत नसतो. तो फक्त वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं पोहण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन या विषाची मर्यादा लिटरला 24 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. पिण्याच्या पाण्यासाठी, रोज आयुष्यभर प्यायचं धरून, ती लिटरला 1 मायक्रोग्रॅम आहे. पोहण्याचा आकडा 15 किलो वजनाचं पोर खेळताना पाव लिटर, म्हणजे मोठा पेलाभर पाणी गिळेल असं धरून काढलाय. एवढं पाणी गिळणं जड नसतं. सूर मारताना, पाणी उडवताना, ट्यूब निसटली की नाकातोंडात जातंच. दाट सायीत मात्र हेच विष लिटरला हजारो मायक्रोग्रॅमपर्यंत जातं. तिथं पेलाभर लागत नाही, दोन-चार घोटही पुष्कळ.

दिरांचं म्हणणं टाकाऊ नाही, पण त्याला उत्तर आहे. याच जीवाणूंच्या एका गोतावळ्यात विष करणारे आणि न करणारे दोन्ही असतात. एकाच तळ्यात एका आठवड्यात विष नसतं, पुढच्या आठवड्यात असतं. डोळ्यांना ते कळत नाही, वासाला कळत नाही. म्हणून वीस वेळा पोहून काही झालं नाही, यावरून एकविसाव्या वेळेचं काही सांगता येत नाही. शिवाय त्यांच्या लहानपणच्या तळ्यात एवढा युरिया, डीएपी आणि कपड्यांची पावडर येत होती का, हे त्यांनाच विचारा. ऊस भरणीला आला की टाकलेलं खत, पहिला वळीव, शौचखड्ड्यांचा ओघळ, म्हशी आणि गाड्या धुण्याचं पाणी, विसर्जनाचं निर्माल्य: या सगळ्यातलं फॉस्फरस आणि नत्र या सायीचं खाद्य. त्यावर मे महिन्याचं ऊन आणि तळाला गेलेलं, न हलणारं पाणी.

इंग्लंडमध्ये 1989 साली रडयार्ड तलावात सायनोबॅक्टेरियांची साय आलेली असताना सैन्याच्या तरुण भरतीवाल्यांनी होडी चालवण्याचा सराव केला. तगडी पोरं होती, तरी त्यांच्यातले निम्मे आजारी पडले आणि दोघांना न्यूमोनिया होऊन दवाखान्यात ठेवावं लागलं. ते पाणी प्यायला गेले नव्हते.

मोरचुदाबद्दल सासऱ्यांना जरूर सांगा, कारण हा उपाय साधा वाटतो आणि सर्वांत घातक ठरू शकतो. मोरचूद या जीवाणूंना मारतो, हे खरं. पण ते मरताना त्यांची पेशी फुटते आणि आतलं विष एकदम पाण्यात मोकळं होतं. साय नाहीशी होते, पाणी दिसायला बरं होतं आणि तेच पाणी आता जास्त वाईट असतं. 1979 मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पाम आयलंडवर हेच घडलं. पिण्याच्या धरणावर साय आली म्हणून तांब्याचं सल्फेट, म्हणजे आपलं मोरचूद, टाकलं. पुढच्या काही दिवसांत सुमारे दीडशे माणसं लिव्हर आणि पोटाच्या आजारानं दवाखान्यात गेली, त्यात बहुतेक लहान मुलं. तळ्यात ब्लीचिंग टाकण्याचं गणितही याच वाटेनं जातं. ब्लीचिंग गटारीसाठी, पाण्याच्या टाकीसाठी. सायीच्या तळ्यासाठी नाही.

आणि उकळणं? मायक्रोसिस्टिन उष्णतेला दाद देत नाही. पाणी उकळलं की पेशी फुटतात, पाणी आटतं आणि उरलेल्यात विष अधिक दाट होतं. उकळल्यानं जुलाबाचे जंतू मरतात, हे बरोबर, पण इथला शत्रू वेगळा आहे. कँडलचा फिल्टर आणि यूव्ही यांनीही विरघळलेलं विष जात नाही. चांगल्या पडद्याचं आरओ बरंचसं अडवतं, पण साय दाट असताना त्याच्या भरवशावर तळ्याचं पाणी पिऊ नका. काठाच्या विहिरीचं पाणी मातीतून गाळून येतं, त्यामुळे साय अडते, विष थोडंफार झिरपू शकतं. साय असेपर्यंत पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी लांबच्या बोअरचं किंवा नळाचं पाणी आणा. विहिरीचं पाणी हिरवट दिसलं तर भांड्यांसाठीही नको.

तळ्याकडे सकाळी जाऊन बघायला घरातल्या एकाच मोठ्या माणसाला सांगा. सकाळीच, कारण दुपारी वारा साय फोडून पाण्यात मिसळतो आणि तळं निर्मळ वाटतं. तेव्हा काय बघायचं ते सांगते. आधी काठी घ्या. काठी फिरवून बाहेर काढली आणि तिला लांब हिरवे केस लोंबले, तर ते साधं शेवाळ. काठी रंगात बुडवल्यासारखी गुळगुळीत हिरवी झाली, केस आले नाहीत, तर सावध व्हा. मरणारी साय पोपटीची निळसर होते, कधी पांढुरकी पडते आणि काठावर पाणी सोडून निळ्या रंगाचे ओघळ उमटतात. आधी गवत कापल्यासारखा वास असतो, मग कुजल्यासारखा. वास नसला म्हणून पाणी चांगलं, असं नाही. टिकलीसारखी छोटी पानं तरंगत असतील आणि बोटांत धरल्यावर पानं म्हणून ओळखता येत असतील, तर ती डकवीड किंवा अझोला ही पाण्यावरची वनस्पती, ही साय नव्हे.

दुसरी परीक्षा बरणीची. पारदर्शक काचेची लोणच्याची बरणी धुवून घ्या. हातात रबरी मोजे घाला, नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधा. पाण्याच्या वरच्या थरातून बरणी तीन भाग भरा आणि एक भाग रिकामा ठेवा. झाकण सैल ठेवा, घट्ट लावलं तर वायू साचून फुटण्याची भीती. बरणी हलवू नका, सावलीत थंड जागी रात्रभर ठेवा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. सकाळी बघा. वर हिरव्या कड्याचा थर जमला आणि खालचं पाणी निवळ झालं, तर तळ्यात सायनोबॅक्टेरियांची भरमार आहे. हिरवं तळाला बसलं, तर साधं शेवाळ असण्याची शक्यता जास्त. सगळं मिसळलेलंच राहिलं, तर परीक्षेनं काही सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. वर थर आला नाही म्हणून तळं स्वच्छ, असा निवाडा मात्र करू नका. या जातीतली काही तंतूसारखी सूक्ष्म मंडळी तरंगत नाहीत, पाण्यातच पसरतात. बरणीचं पाणी नंतर तळ्यात ओतू नका. खड्डा खणून तिथं टाका आणि बरणी स्वयंपाकघरात परत आणू नका.

तिसरी परीक्षा थाळीची. पांढरी बशी दोरीला बांधा, दोरीवर एका मीटरवर गाठ मारा आणि पायऱ्यांवरून सावलीच्या बाजूला सोडा. गाठ पाण्याला लागायच्या आधीच बशी दिसेनाशी झाली आणि पाणी मातकट नसून हिरवट असलं, तर पोरांनी त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. पावसाळ्यात लाल मातीचा गढूळपणाही बशी लपवतो. तेव्हा रंगच पाहायचा.

साय नाहीशी झाली की पोरं लगेच मागं लागतील. थांबा. साय गेली तरी विरघळलेलं विष काही दिवस ते आठवडे पाण्यात राहू शकतं. साय दिसेनाशी झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, तेही या तिन्ही परीक्षा साफ आल्या तर. तोवर पाऊस सुरू होतो आणि आपल्याकडच्या तळ्या-ओढ्यांत वेगळीच भीती येते. पाण्याची ओढ, आणि उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार. थोडक्यात, ही सुट्टी तळ्याला रामराम.

जनावरांचं. म्हशीला तळ्याच्या वाऱ्याच्या काठाला जाऊ देऊ नका, दावणीलाच टाकीतलं पाणी द्या. ती थरथरली, तोल जाऊ लागला, दूध एकाएकी घटलं, कातडीचे पांढरे भाग उन्हात फोडांसारखे झाले, तर पशुवैद्यकाला तळ्याचं नाव सांगून बोलवा. कुत्र्याला अधिक धोका, कारण ते पाण्यातून बाहेर आल्यावर केस चाटून काढतं. ते भिजलेलं दिसलं तर चाटण्याआधी पाणी ओता.

मासे. पहाटे मेलेले मासे दिसले तर ते विषानंच मेले, असं नाही. ही साय रात्री श्वास घेते, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू पहाटे अगदी कमी होतो आणि मासे गुदमरतात. पण मेलेला मासा खाऊ नका. जिवंत पकडलेल्यातही विष लिव्हर आणि आतड्यांत जास्त साचतं. ते भाग काढून टाकणं सोयीचं वाटतं, तरी साय आहे तोवर त्या तळ्यातला मासा घरात नकोच. तुषार सिंचनानं हे पाणी कोथिंबीर, मेथी, पालकावर मारू नका. फवाऱ्याचे तुषार श्वासातही जातात.

पंचायतीला तोंडी सांगून झालं, आता लेखी द्या. अर्ज पीडीओच्या (पंचायत विकास अधिकाऱ्याच्या) नावानं, कन्नडमध्ये आणि खाली मराठीत, दोन प्रती, एकीवर पोच घ्या. अर्जासोबत सकाळी सातच्या आसपास काढलेले दोन फोटो जोडा, त्यात तारीख दिसू द्या. मागणी अशी ठेवा: तळ्याचं पाणी तपासायला पाठवावं, तालुका आरोग्याधिकाऱ्यांना कळवावं आणि पायऱ्यांवर ताबडतोब फलक लावावा. फलकावर कन्नडमध्ये "पाची" हा शब्द असू द्या, गावातल्या कन्नड घरांना तोच लगेच कळतो. मराठीत एवढं पुरे: "पाण्यावर हिरवी साय आहे. उतरू नका, पिऊ नका, जनावरं पाजू नका." विष, जीवाणू असले शब्द फलकावर नकोत, वाचायला दम लागतो.

पुढच्या उन्हाळ्यासाठी काम आजच सुरू होतं. तळ्यात येणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी गवताचा रुंद पट्टा राहू द्या, तो खत आणि माती अडवतो. पाणी तळाला गेल्यावर रोजगार हमीतून गाळ काढा आणि तो शेतात पसरा, काठावर ढीग करू नका, नाहीतर पहिल्या पावसात पुन्हा आत. ऊसकऱ्यांना सांगून बघा: पाऊस तोंडावर असताना खत वर विस्कटू नका, सरीत टाकून मातीआड करा. पैसेही वाचतात. म्हशी आणि मोटारसायकली धुण्याची जागा तळ्यापासून लांब करा. शोषखड्डे झाले, तर दोन-तीन वर्षांत फरक दिसतो. एका वर्षात नाही, कारण तळाच्या गाळात साचलेलं फॉस्फरस हळूहळू वर येत राहतं.

आता पोरांची सुट्टी. कुणाच्या शेतात बोअरचं पाणी सोडायचा हौद असेल तर तिथं खेळू द्या. हौद गुडघ्याएवढा भरा, आदल्या दिवशी घासून घ्या, रोज पाणी बदला. स्टार्टरची पेटी आणि केबल यांपासून पोरं किमान दहा पावलं लांब, आणि ओल्या हातानं मोटार चालू करायला कुणी जायचं नाही. कृषी होंडा, म्हणजे प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं, मात्र मुळीच नको, पाणी कितीही निळं दिसलं तरी. त्याच्या उतारावर पाय ठरत नाही, मोठ्या माणसालाही बाहेर येता येत नाही. पुण्याच्या पोरांना ते माहीत नसतं, म्हणून हौदाशी कुणीतरी मोठं माणूस बसलेलं असू द्या, खुर्ची टाकून, फोन खिशात ठेवून.